टेबलाखालचं मांजर

नाही, पण मला एवढंच सांगा, माणूस जिवंत आहे म्हणजे त्यानं आणखी काय करून दाखवायचं? श्वास घेतो, चहा पितो, माझ्यावर डाफरतो, दोन पायांत दोन वेगळे मोजे घातले म्हणून मला दारातून परत बोलावतो... एवढं पुरत नाही का? हा प्रश्न मी हेल्पलाईनला विचारला, आमच्या गॅरेजच्या मालकाला विचारला, हॉस्पिटलातल्या डॉक्टरला विचारला. कुणी उत्तर दिलं नाही. डॉक्टरनं तर माझंच बीपी तपासलं.

तुम्हाला सांगतो, माझी ताई टेलिफोन ऑपरेटर. जुन्या काळातली, कानाला तो पट्टा लावून बसायची आणि या भोकातली वायर त्या भोकात खुपसून लोकांना जोडून द्यायची. पुढे मशिनं आली, वायरी गेल्या, पण ताई तिथंच, खुर्ची बदलून, निवृत्त होईपर्यंत. मी शेंडेफळ. मी जन्मलो तेव्हा ताई नोकरीला लागलेली होती, आणि आई लवकर गेली, त्यामुळे शाळेत माझ्या तक्रारी ऐकायला ताईच यायची. शाळा मी सातवीत सोडली. म्हणजे शाळेनं मला आधीच सोडलं होतं, मी फक्त जायचं बंद केलं. मग इकडे परदेशात आलो, टायर बदलायला लागलो, ताई निवृत्त होऊन एकटी पडली तेव्हा तिला इकडे घेऊन आलो. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट आहे, पण तिच्या मनात आलं तर चालते.

आता पेन्शन तिकडची आणि पेन्शनर इकडची. तर तिकडच्या ऑफिसचं म्हणणं असं, की बाई, तुम्ही आम्हाला दिसत नाही, तेव्हा वर्षातून एकदा जिवंत असल्याचं दाखवा. हयातीचा दाखला. व्हिडिओ कॉलवर, ते देतील त्या दिवशी, ते देतील त्या वेळी. नाही दाखवलंत तर नाव कमी. त्यासाठी मी दुपारची सुट्टी मागितली तर मालक म्हणतो, "तुझी बहीण ना? अरे, सकाळीच बाजारात बघितली मी तिला, कोबीवाल्याशी भांडत होती. मी सांगतो त्यांना फोन करून." म्हटलं, मालक, तुमचं सांगणं नाही चालत. "का नाही चालत? मेलेलं माणूस कोबीवरून भांडतं का?" बरोबरच आहे की. आणखी काय करून दाखवायचं माणसानं?

पण गंमत अशी, की ताईला तो दिवस आवडायचा. निळा स्वेटर घालायची, तोही इस्त्री करून. स्वेटरला कोण इस्त्री करतं? ताई करायची. टेबलावर दोन जाड पुस्तकं, घरात पुस्तकं दोनच आणि ती याच कामाची, त्यांना टेकवून माझा फोन, आणि चहाचे दोन कप. एक तिचा, एक फोनसमोर. मी म्हटलं, ताई, ती बाई समुद्रापलीकडे, ती हा चहा पिणार कशी? तर म्हणते, "ठोंब्या, ती कामावर बसलीय. कामावर बसलेल्या बाईला कुणी चहा विचारत नाही. मला विचार."

ती बाई म्हणजे मानबाई. खरं नाव आम्हाला कधी कळलं नाही. चेहरा बंद कपाटासारखा, आणि आवाज असा, "संपूर्ण नाव सांगा. जन्मतारीख सांगा. आजची तारीख सांगा. मान उजवीकडे वळवा. मान डावीकडे वळवा. खोलीत आणखी कोणी आहे का?" म्हणजे शेजारी बसून कुणी पढवत नाही ना, म्हणून. ताई मान अशी वळवायची जशी काही कानातलं नवीन घेतलंय. आणि शेवटी मानबाई म्हणायची, "ठीक आहे. आपण हयात आहात." बास. ताईचा चेहरा बघायचात तुम्ही, पहिला नंबर आल्यासारखा. मला म्हणायची, "वर्षातून एकदा का होईना, ऑफिसातून कुणीतरी विचारतं ना रे, आहात का म्हणून." आणि फोन ती आधी कधी ठेवायची नाही. ऑपरेटरची शिस्त म्हणे, समोरच्यानं ठेवल्याशिवाय लाईन सोडायची नाही. दोघी एकमेकींकडे बघत बसायच्या, मग कधीतरी मानबाई ठेवायची.

मग ताईच्या डोक्यात गुठळी झाली. छोटीशी, डॉक्टर म्हणाले, वाटाण्यापेक्षा लहान. चालायची, बोलायची, कोबीवाल्याला तर काही फरकच जाणवला नाही. फक्त तारखा गेल्या. जुने टेलिफोन नंबर धडाधड म्हणून दाखवायची, अमक्या वकिलाचा, तमक्या कापडवाल्याचा, ती माणसं कधीच वर गेली असतील. पण आज तारीख काय, असं विचारलं की खिडकीच्या पडद्याकडे बघत राहायची, तिथं लिहिलेली असल्यासारखी. आता मला सांगा, मला तरी रोज तारीख कुठं माहीत असते? मग मी काय मेलोय का?

"तारीख चुकली तर नाव कमी करतील रे," म्हणून ताई जेवेना. मी म्हटलं, करू दे, मी आहे की कमवायला. तर माझ्याकडे असं बघितलं तिनं... म्हणाली, "पैशाचं नाही रे ठोंब्या. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसले. आता तिथं माझं म्हणून काय आहे? यादीत नाव आहे तेवढं. ते माझ्या डोळ्यांदेखत नको पुसायला."

झालं. मला कुणी काही नको म्हटलं की माझं डोकं चालायच्या आधी हातपाय चालतात. टायरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यावर ठसठशीत तारीख लिहिली, आणि कॉलच्या वेळी शिरलो टेबलाखाली. तिनं गुडघ्याकडे बघायचं की तारीख दिसते, अशी योजना. योजना चांगलीच होती. टेबल लहान होतं. ट्रकची चाकं उचलणारा माणूस मी, गुडघे कानाला लागलेले, वर मानबाई विचारतेय आजची तारीख सांगा, ताई खाली बघून झकास वाचतेय, आणि मला आली शिंक. शिंकेबरोबर डोकं टेबलाला, टेबल हललं, पुस्तकं घसरली, आणि फोन थेट खाली, माझ्या बुटासमोर. क्षणभर मानबाई आणि माझा बूट एकमेकांकडे बघत होते.

ताईनं फोन उचलला, पुसला, परत टेकवला.

"खोलीत कोण आहे?" मानबाई.

"मांजर आहे," ताई.

"मांजर?"

"हो."

"बूट घालून?"

"थंडी फार असते इकडे," ताई म्हणाली.

मला वाटलं, गेलं, नाव गेलं, माझ्या एका शिंकेपायी गेलं. आणि मानबाई म्हणते, "मांजर चालतं. माणूस नको, एवढंच नियमात आहे." मग कागद चाळल्याचा आवाज. मग म्हणते, "मोठं दिसतं तुमचं मांजर."

"मोठं झालंय खरं," ताई म्हणाली. "आई लवकर गेली त्याची. मीच वाढवलं. शिकलं नाही काही, धांदरट आहे, पण जीव लावतं हो."

मी खाली पुठ्ठा धरून बसलेलो. वर यायची सोय नाही आणि नाक पुसायला हात मोकळा नाही.

त्यानंतर दरवर्षी तसंच. मानबाई विचारायची खोलीत कोणी आहे का, ताई म्हणायची मांजर आहे, मानबाई म्हणायची मांजर चालतं. एकदा तर तिनं आपणहून विचारलं, "सर्दी बरी झाली का त्याची?"

आणि या वर्षी तारीख आली तेव्हा ताई हॉस्पिटलात. दुसरी गुठळी, ही काही वाटाण्याएवढी नव्हती. मी हेल्पलाईन लावली, म्हटलं कॉल लवकर घ्या, नाहीतर हॉस्पिटलात घ्या. तिकडून रेकॉर्ड केलेली बाई गोड आवाजात, "पेन्शनर हयात असल्यास एक दाबा. हयात नसल्यास दोन दाबा." म्हटलं, बाई, आजारी असल्यास किती दाबू? "पेन्शनर हयात असल्यास एक दाबा." अहो, मधलं काही नाहीच का तुमच्याकडे? ताईच्या उशाशी ते यंत्र, हिरवी रेघ उड्या मारतेय, टुकटुक आवाज येतोय, सगळ्या वॉर्डला कळतंय की बाई जिवंत आहे. मी त्या रेघेचा व्हिडिओ काढून पाठवला ऑफिसला. उत्तर आलं, चेहरा स्पष्ट दिसत नाही. आणखी काय करून दाखवायचं माणसानं, सांगा ना?

ताईला सगळं कळत होतं. हळूच म्हणाली, "मंगळवारी कॉल आहे ना? मी नसले तरी लाईन रिकामी नको ठेवूस. ती वाट बघत बसेल."

मी म्हटलं, नसले काय नसले, गप्प पड. असंच म्हणालो.

सोमवारी ताई गेली. सकाळी, मी चहा आणायला खाली उतरलो तेवढ्यात. वर आलो तर यंत्र बंद केलेलं आणि नर्स माझ्या हातातले दोन कप धरायला पुढे आली.

मंगळवारी मी स्वेटरला इस्त्री केली. का केली, मला विचारू नका. खुर्चीच्या पाठीवर घातला, पुस्तकं मांडली, फोन टेकवला, चहाचे दोन कप ठेवले, पुठ्ठ्यावर तारीख लिहिली. फोन वाजला, बटण दाबलं, आणि कुठं गेलो असेन मी? टेबलाखाली. सवय हो. गुडघे कानाला लावून, पुठ्ठा धरून बसलो तेव्हा डोक्यात आलं, की हा कुणाला दाखवतोय आपण?

वर मानबाईचा आवाज, "नमस्कार. संपूर्ण नाव सांगा." थांबली. "बाई, कॅमेऱ्यासमोर या." परत थांबली. समोर नुसता स्वेटर असणार तिच्या. मला हुंदका दाबता येईना. तो शिंकेसारखाच बाहेर आला.

मग ती एकदम हळू म्हणाली, "मांजर आहे का खाली?"

मी पुठ्ठा खाली टाकला, नाक पुसलं.

"त्याला वर येऊ द्या."

आलो वर. स्वेटर मांडीवर घेऊन खुर्चीत बसलो. इतक्या वर्षांत नुसता बूट बघितला होता तिनं, आता थोबाड बघितलं. तिनं चष्मा काढला. खाली चेहरा होता तर, साधा, ताईपेक्षा तरुण बाईचा. म्हणाली, "नोंद बंद करायला घरच्या माणसानं समोर सांगावं लागतं. नाव, आजची तारीख, आणि... काय झालं ते. जमेल?"

नाव सांगितलं. तारीख म्हटली आणि डोकं रिकामं. पुठ्ठा खाली पडलेला. मी पडद्याकडे बघायला लागलो, ताईसारखाच. तर मानबाईनं आपल्या टेबलावरचं कॅलेंडर उचललं, कॅमेऱ्यासमोर धरलं, त्यावर बोट ठेवलं आणि स्वतः दुसरीकडे बघत बसली. मी वाचलं. मग सांगितलं, ताई गेली.

"ठीक आहे," म्हणाली. लिहून घेतलं. मान उजवीकडे नाही, मान डावीकडे नाही. ताई आहे म्हणून दरवर्षी जीव तोडून सांगायचो तर शंभर शंका, आणि गेली म्हटलं तर एका वाक्यात पटलं.

मग ती म्हणाली, "नियम आहे, विचारावं लागतं. खोलीत आणखी कोणी आहे का?"

मी वाकून टेबलाखाली बघितलं. पुठ्ठा होता. याचं उत्तर नेहमी ताई द्यायची. मी कधी दिलं नव्हतं.

"मांजर आहे," म्हटलं.

"मांजर चालतं," मानबाई म्हणाली.

फोनसमोरचा चहा गार झाला. तिनं ठेवेपर्यंत मी लाईन सोडली नाही.