तराजूत बसणारं पोर

—व्हय, शिजवते की! रोज शिजवते. तुमचं ते भाजल्या डाळीचं पीठ, त्यात गूळ, वर शेंगदाण्याचं कूट — नर्सबाई, ह्या बजाबाईनं सहा पोरं वाढवलीत, मला चूल शिकवू नका. आन् खातो कसा माझा नातू! वाटी चाटून पुसून वर माझं बोट चावतो. परवा पाळण्याची दोरी तुटली की वजनानं! मंग काट्यावर का वाढत न्हाय? तुमच्या दवाखान्यातला ह्यो गिरणीचा काटाच खोटा असंल, मी काय करू? कुटला पाळणा म्हंजे? — ह्यानं तोडली दोरी? अवो, ह्यो कशानं दोरी तोडंल, ह्यो तर चिमणीएवढा—

...आता तोंडातनं निसटलंच, तर ऐका. माझा नातू महिपती घरी हाय. त्याला मी आनत न्हाय. तराजूत काय पोरं घालत्यात? सरकी घालत्यात, गूळ घालत्यात. त्यात तुमी आकडा मोठ्यांदा वरडता, साऱ्या बाया वळून बगत्यात — नजर लागली मंग? म्हनून ह्याला आनते. ह्याला कोन नजर लावतंय! ह्यो शेजारच्या ईरम्माचा, रेवणसिद्ध. ती गिरणीत जाती, दिसभर माझ्याच पदरात की. आन् तुमी बी लई भल्या — पोर वाढंना म्हनून दर खेपेला पीठ वाढवून देता. महिपती कसा टुमटुमीत झालाय!

ह्याला? ह्याला पीठ कसं घालू? पीठ महिपतीच्या नावाचं. एकाचं दुसऱ्याला घालायला मी काय लबाड बाई हाय? ह्याला ताकात भाकरी कुस्करते, ईरम्मा ठिवून जाती तेवढी. लई गुनी पोर, बरं का — महिपती खातो तवा जवळ बसतो, वाटीकडं बगत. मागत न्हाय, रडत न्हाय, नुसता बगत—

...ह्याचा दंड मला काय दावता? रोज न्हाऊ मीच घालते त्याला.

दिसत व्हतं मला. दिसत व्हतं, बाई.

आना हिकडं ते पीठ. गरम पानी हाय का? वाटी द्या — चमचा ऱ्हाऊ दे, बोटानं चाटवते. हं, घे. घे रं माज्या लेकरा... आरं, हळू! हळू — बोट हाय ते माझं!

तुमी काय उभ्या ऱ्हायलाय हितं? जावा तिकडं. पोर खातंय. नजर लागंल.