रिकाम्या खुर्चीचा सत्कार

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय धोंडीरामदादा, व्यासपीठावर दाटीवाटीने बसलेले संचालक मंडळ, पुढच्या रांगेतले पाहुणे, आमच्या दुकानाचे भागीदार मैनुद्दीनभाई आणि मागे पंख्याखाली जागा धरून बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, सगळ्यांना नमस्कार आणि सलाम.

मी रूथ शांतवन साळवे. आपल्या दूध संस्थेच्या ज्या चेअरमनना आज निरोप द्यायचा आहे, त्यांची बायको. ते अजून आले नाहीत. दादा म्हणाले, साहेब रस्त्यात असतील, तोवर वहिनी तुम्ही दोन शब्द बोला. एवढ्या वर्षांत या संस्थेने मला चहा करायला खूपदा सांगितलं, बोलायला आजच सांगितलं. आभारी आहे.

तुम्हाला माहीतच आहे, आमचं केजच्या बाजारात मोटर वाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींच्या तारा नव्याने भरून द्यायचं दुकान आहे. दुष्काळ पडला की बोअरचं पाणी खाली जातं, मोटरी कोरड्या फिरतात, जळतात आणि आमच्या दारात येऊन पडतात. म्हणजे आम्हाला भरपूर काम. पण आपल्या गावाला वाटलं, हा माणूस रिकामा दिसतोय. मग दूध संस्था, सोसायटी, छावणी समिती, शाळा समिती... आमच्या चर्चच्या पंचांनी तरी मागे का राहावं? त्यांनीही खजिनदार केलं.

तुम्ही म्हणाल, त्यांनी नाही का म्हटलं नाही? अहो, त्यांना 'नाही' म्हणताच येत नाही. कुणी काही मागितलं की ते म्हणतात, "प्रार्थनेत ठेवतो." आमच्यात याचा अर्थ, थांबा, विचार करू द्या. आणि आपल्या लोकांचा उरक एवढा, की हे प्रार्थनेला डोळे मिटतात तोवर चौकात फ्लेक्स लागलेला असतो. मैनुद्दीनभाईंकडे बघा. शुक्रवारी दुपारी शटर ओढून नमाजला जातात. कुणी समितीचं काढलं की सरळ सांगतात, "न्हाई जमत बे." त्यांना आजवर कुणी अध्यक्ष केलं नाही. किती सुखी माणूस!

आणि बैठका कधी? रविवारी. कारण सगळ्यांना सुट्टी. आमचा रविवार उपासनेचा असतो, हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच तर बोलावणाऱ्याला वाटायचं की साळवे रविवारी घरीच सापडतील. जनावरांचं दूध आटलं, छावणीतला चारा आटला, पण आमच्या संस्थेच्या बैठका काही आटल्या नाहीत. चर्चचे पाळकसाहेब मला विचारायचे, साळवे बरे आहेत ना? मी म्हणायचे, बरे आहेत, काल पेपरात फोटो आला होता.

आता थोडं हसणं बाजूला ठेवते. मागच्या महिन्यात धर्मापुरीकडच्या एका वस्तीची मोटर आली. तेवढी एकच बोअर चालू होती त्यांची. साळवे छावणीच्या बैठकीतून आले, वाइंडिंगला बसले, आणि बसल्या बसल्या पेंगले. तारा उलट जोडल्या गेल्या. मोटर नेली, चालू केली, परत जळाली. दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या सरूबाई रिकामी घागर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, तुमी लई मोठे झाले, चांगलं हाय. पर आमी प्यावं काय?"

त्या दिवशी हा माणूस जेवला नाही. ताटावरून उठला आणि म्हणाला, "रूथ, देवानं मला हात दिले मोटरी भरायला. मी हार घालून घेत बसलो." लग्नाला इतकी वर्षं झाली, मी त्यांना रडताना पहिल्यांदा पाहिलं. मला तुमचा फार राग आला. अजून आहे.

मग त्यांनी सगळे राजीनामे दिले. आणि आपण काय केलं? प्रत्येक राजीनाम्याला निरोप समारंभ ठेवला. कधी? रविवारी! सोसायटीने निरोप दिला आणि त्याच मांडवात टँकर समितीवर घेतलं. शाळेने निरोप दिला आणि बांधकाम समितीवर घेतलं. खांद्यावर शाल, तोंडात पेढा, माणूस नाही म्हणणार तरी कसा? सोडायला निघाल्यापासून त्यांचं काम वाढलंच. आज तर दादांनी घोषणेचीही वाट पाहिली नाही. जरा मागे वळून फ्लेक्स वाचा. वर 'निरोप समारंभ', आणि खाली, 'चारा समितीचे नूतन मार्गदर्शक'. वा!

दादा, रस्त्याकडे बघू नका. ते येणार नाहीत. समारंभ सोमवारी आहे असं मी त्यांना सांगितलंय. हो, खोटं बोलले. त्याची माफी मी देवाकडे मागेन, तुम्ही त्रास घेऊ नका. या वेळी ते चर्चमध्ये मागच्या बाकावर बसले असतील, नंतर घरी येऊन भाकरी खातील आणि झोपतील. दुकानाला आज कुलूप आहे. सरूबाईंची मोटर तर तेव्हाच, दुसऱ्या दिवशी नीट भरून, स्वतः जाऊन बसवून आलेत. पाणी आलंय.

राहिला चारा समितीचा प्रश्न. तो प्रार्थनेत ठेवायची गरज नाही. उत्तर मी घेऊन आले आहे. नाही.

शाल द्यायचीच असेल तर मैनुद्दीनभाईंच्या खांद्यावर घाला, ते तिच्याबरोबर पद घेणार नाहीत याची मला खात्री आहे. तुम्ही माझ्या नवऱ्यावर प्रेम केलंत, अगदी जीव जाईस्तोवर केलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बाईमाणूस पहिल्यांदा माईकपुढे उभी राहिली, कमी-जास्त बोलले असेन, कुणाला लागलं असेल, तर पोटात घाला. फक्त माफ केलं हे सांगायला रविवारी घरी येऊ नका.