पेटीत गेलेलं बायबल

मी सोनपेठकडच्या खेड्यातला, गवंडी माणूस. आज्यानं येशूचं नाव घेतलं तवापासून आमी ख्रिस्ती, गावात आमची दोनच घरं. शाळा म्हणाल तर दुसरी, ती बी निम्मी मास्तरच्या शेळ्या राखण्यात गेली. बायको मार्था मातर सातवी. सातवी म्हंजे काय सांगू तुम्हाला, आमच्या घरात कलेक्टरच. लग्न झाल्यापासून रोज सकाळी ती बायबल वाचायची, मी ऐकायचो, मंग दोघं प्रार्थना करायचो, मंग मी कामाला. ऐकायचो म्हंजे गप न्हाई बरं. मधीच म्हणायचो, थांब थांब, हे देवानं बरोबर केलं न्हाई. ती म्हणायची, गवंडी हाव म्हणून देवाच्या भिंतीला ओळंबा लावू नका. मी म्हणायचो, भिंत वाकडी दिसली तर लावणारच. शेजारची गयाबाई, बौद्ध हाय, ती तिच्या वट्यावरून वरडायची, भाऊजी, ही प्रार्थना चाललीय का भांडण? दोन्ही, म्हणायची मार्था. लय मजा यायची. त्या येळंसाठीच दिवस उगवायचा माझा.

गेल्या उन्हाळ्यात मार्था गेली. छातीत कळ आली, परभणीला न्यायला जीप मिळंपतोर संपलं सगळं. आन हितं माझं डोस्कं फिरतं, सांगतो. शमुवेल, माझा लेक, पुण्याला असतो. आला, रडला, आन पेटी बंद करताना आईच्या छातीवर तिचं बायबल ठिवलं. आमच्यात ठिवतेत तसं. पर मला इचारलं का? मी भाईर आंगणात माणसात बसलेलो. माती झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी उठून फळीवर हात घातला तर फळी रिकामी. अरे शम्या, बायबल कुठाय? म्हणला, आईचं होतं, आईसंग गेलं, बाबा. मी म्हणलं, गाढवा, ती ज्याचं वाचत होती त्याच्यापशीच गेली, तिला आता पुस्तक कशाला? लागतंय मला! मोठ्या अक्षराचं होतं, आन आमचं वाचन अर्ध्यात राहिलेलं.

मंग आले समजवणारे. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणले, काका, देवाची मर्जी. चुलतभाऊ म्हणला, प्रार्थनेत कमी पडला असशील. सोयरे म्हणले, रडू नका, ती सुखात हाय. आता, ती दुःखात हाय असं मी म्हणलं होतं का? लेकानं मोबाईल दिला, त्यात बायबल वाचणारा माणूस. बटन दाबलं तर चुडाव्याच्या टेसनावर गाडी पुकारावी तसा धाडधाड वाचायला. थांब म्हणलं तर थांबत न्हाई, उलटून भांडत न्हाई. असल्यासंग काय प्रार्थना करावी? दिला परत.

पाळकसाहेबाकडून दुसरं बायबल आणलं, बारीक अक्षराचं. बोट ठिवून, अक्षराला अक्षर जोडून वाचायलो. मोठ्यानं, कारण मनात वाचलेलं मला कळत न्हाई. बायबलातल्या त्या धर्मी माणसाच्या गोष्टीत थांबलो होतो आमी, ज्याची लेकरं गेली, ढोरं गेली, अंगभर फोड आले आन राखंत बसला. दोस्त भेटाय येतेत. आधी गप बसतेत, तेवढंच शहाणपण. मंग तोंड उघडतेत आन त्यालाच म्हणतेत, तुझंच कायतरी चुकलं असंल. मला तर आमचा चुलतभाऊच दिसाय लागला! पर त्यो गडी दबत न्हाई, देवालाच जाब इचारतो. मंग मी बी त्याच्यासंग वरडलो, देवा, का नेलीस तिला? गयाबाई म्हणली, भाऊजी, आता एकटेच भांडायलाव? म्हणलं, एकटा कुठं, समोर देव हाय की.

तेवढी गोष्ट सरायला पावसाळा सरला. शेवटी देव बोलतो. त्या माणसाला बी दरडावतो, न्हाई असं न्हाई, पर खरं कोण बोललं म्हणतो? ह्योच, वरडणारा. आन राग कुणावर? त्या शहाण्या दोस्तांवर! काय सांगू तुम्हाला, असा हसलो, असा हसलो, ठसका लागला. मार्था गेल्यापासून पहिल्यांदा. गयाबाई पाणी घिऊन पळत आली. म्हणली, काय झालं? म्हणलं, देवानं सगळ्या समजवणाऱ्यायला झापलं, वहिनी, आन माझ्यासारख्याला जवळ घेतलं.

राग गेला का म्हणाल तर न्हाई गेला. रोज सकाळी देवाला तोंडावर सांगतो, सांगून झालं की जीव हलका होतो, च्या गोड लागतो. लेक म्हणतो, पुण्याला चला. बघू. सध्या बायबलातली स्तोत्रं वाचाय धरलीत. आन तुमी आलाव, बसलाव, एवढं ऐकलं, पर एकदा बी माझी समजूत घातली न्हाई. देव तुमचं लय भलं करो.