गाऱ्हाण्यात घुसलेली जाहिरात

...आणि वर बायको मलाच म्हणते, गप पडून राहा! अहो, पडून राहणं काय सोपं काम आहे? तुम्हाला सांगतो, नांगर धरणं परवडलं. गेल्या शिमग्याच्या तोंडावर मला खोकला झाला, तो असा की अंगणातल्या कोंबड्या पडवीत येऊन बघून जायच्या, भागोजी आहे की गेला! पालखी वाडीत यायची आणि तिच्यासमोर सगळ्या वाडीसाठी देवाला गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घरचा. गळाच नसेल तर तो मान जाणार चुलतभावाकडे, केरूकडे. केरू माणूस चांगला, पण त्याचं गाऱ्हाणं म्हणजे विनाथांबा एसटी... मुंबईची पोरं, गाभण म्हशी, दुखणाईत म्हातारी, सगळी थांब्यावर उभी आणि हा गेला पुढे!

लांज्याच्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या, एक पांढरी, एक पिवळी. आमची मंडळी, चिमा, गोळी द्यायची, टीव्ही लावायची आणि जायची काजूच्या बिया वेचायला. टीव्ही बंद करायला उठावं तर खोकला. पडलेला माणूस करणार काय? बघणार!

बघतो तर सगळी औषधंच! एक जण गुडघा धरून कण्हतो, मलम चोळतो की लागला जिना चढायला! माझा गुडघा चांगला होता हो, पण त्याचा बघून दुखायला लागला. मग एका बाईचं डोकं, झालं, माझंही डोकं. चिमा म्हणाली, "अवो, बाळंतपणाचा काय लागायच्या आधी बंद करा तो, नायतर कळा सुरू व्हायच्या तुमाला!"

एकच खटकायचं. माझी पिवळी गोळी काही टीव्हीवर येईना. म्हटलं, "गो, ही कधीच दिसत नाय, खोटी बिटी नसंल ना?" तर म्हणते कशी, "घरंदाज हाय ती. गुपचूप काम करते, नाचायला जात नाय!"

आणि जाहिरातीच्या शेवटी एक जण बोलतो, पाठी कुत्रं लागल्यासारखा... 'लक्षणेकायमराहिल्यासडॉक्टरांचासल्लाघ्या!' अरे बाबा, दमाने! मी आपला त्याच्यामागून हळूहळू म्हणायचो. सगळं तोंडपाठ झालं. पडलेला माणूस करणार काय?

पिवळीने गुण दिला. पालखी आली, आवाज मोकळा, सगळी वाडी हात जोडून, केरू टपून. मी सुरू केलं, "बा देवा म्हाराजा! जी पोरां चाकरीक मुंबैत हायत, त्यांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जी काय सर्दी, खोकला, अंगदुखी असंल..."

"व्हय म्हाराजा!"

"...ती एका चमच्यात मुळापासून घालव! घशाची खवखव, छातीतला कफ..."

"व्हय म्हाराजा!"

जीभ थांबेना हो! चिमाने पदर तोंडात कोंबला, तेव्हा कळलं काय चाललंय ते. पण गाऱ्हाणं मध्ये तोडता येतं काय? "आणि लक्षणां कायम रवली," देवाला सांगतोय मी, देवाला, "तर डॉक्टरांचा सल्ला घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आणि वर ढोल!

गेला मान, म्हटलं. पण केरू पाया पडला. "दादा, असा गाऱ्हाणां कधी आयकला नव्हता!"

आता गंमत बघा. वर्षभर वाडीत कोणी साधं शिंकलं नाही. परवा सगळी दारात, केरू पुढे. "दादा, शिमगो आला. ताच गाऱ्हाणां हवा, अक्षर इकडचा तिकडे नको!" अरे, पण आठवतंय कुणाला? अंगात दुखणं नाही, टीव्हीकडे फिरकलेलो नाही. चिमाने तर कांबळंच अंथरलं. "पडा," म्हणते, "आणि खोका जरा."

वाडी ठणठणीत राहावी म्हणून एकाने तरी आजारी पडायला हवं ना... मान आमच्या घरचा आहे!