मुंडीचं ताट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या सिंचन महाविद्यालयाचे प्राचार्य दिलशोद अका, व्यासपीठावरील मान्यवर, माझे सहकारी, विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो आहोत ते तुलेगेन सर, आपणा सर्वांना ग्रंथपाल ओइनिसाचा सलाम.

प्राचार्यांनी मला पाच मिनिटं दिली आहेत. बत्तीस वर्षं मी लोकांना 'हळू बोला' म्हणत आले. आज माझी पाळी आहे, तेव्हा दोन मिनिटं वर गेली तर घड्याळाकडे बघू नका.

सरांनी किती पंप दुरुस्त केले, किती मुलं घडवली, हे आधीच्या वक्त्यांनी सांगितलंच. मी एका जेवणाबद्दल बोलणार आहे, आणि खाली उपाहारगृहात आत्ता जे शिजतंय त्याबद्दलही. निरोपाच्या भाषणात जेवणाचं काय काम, असं कुणाच्या मनात आलं असेल, तर थोडा धीर धरा.

सतरा वर्षांपूर्वी तुलेगेन आमच्या ताजिक मुलुखात, खुजंदला, नवा नवा आला होता. वयाने माझ्याहून लहान, म्हणून मी त्याला एकेरीच हाक मारते, आजही मारणार. नवरोज तोंडावर आला होता. त्याच्या कझाक मुलुखातही तोच सण. तो काही बोलायचा नाही, पण तीन दिवस रोज टपाल कचेरीत जाऊन गावाला फोन लावत होता. वडील हिवाळ्यापासून अंथरुणाला खिळलेले, आणि तिकडे बर्फाच्या वादळाने तारा तुटलेल्या. मला बघवेना. म्हटलं, "यंदा सण माझ्या घरी, आणि जेवण तुझ्या पद्धतीचं."

बाजारात एक कझाक ट्रकवाला भेटला. त्याला विचारलं. तो म्हणाला, सगळ्यात मानाच्या पाहुण्यापुढे मेंढीची उकडलेली मुंडी ठेवायची. झालं, मी अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले. माझ्या सासूबाई, देव त्यांना शांती देवो, म्हणाल्या, "मग? पाहुण्याला मुंडी द्यायची नाही तर काय खूर द्यायचे?"

सणाच्या सकाळी मी पुस्तकं आणायला इथे ग्रंथालयात आले, तेव्हा इथला फोन वाजला; तुलेगेनने गावी हाच नंबर देऊन ठेवला होता. कुणीतरी "तुलेगेन, तुलेगेन" असं दोनदा म्हणालं आणि लाइन तुटली. आवाज बाईचा की पुरुषाचा, तेही कळलं नाही. मी त्याला सांगितलं नाही. म्हटलं, आधी चार घास सुखाने खाऊ दे. तुम्ही असतात तर सांगितलं असतं?

सगळे बसले. तुलेगेन सासूबाईंच्या कसल्याशा टोमण्यावर हसत होता. मी ताट आणलं, मुंडीचं तोंड त्याच्याकडे करून ठेवलं. त्याचं हसू गेलं. हातातली सुरी त्याने खाली ठेवली.

"आपा, गावाहून फोन आला होता?"

"आला होता."

"काय म्हणाले?"

"लाइन तुटली रे. काहीच कळलं नाही."

"खरं सांगा. हे ताट माझ्यापुढे ठेवायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

ट्रकवाल्याने मला अर्धीच गोष्ट सांगितली होती. उरलेली अर्धी तेव्हा तुलेगेनने सांगितली. त्यांच्यात ज्याचा बाप जिवंत आहे, तो मुंडीला हात लावत नाही. आणि वाईट बातमी त्यांच्यात कुणी तोंडावर सांगत नाही, आडून सुचवतात. मी सणाच्या दिवशी त्या पोराला ताटातून सांगितलं होतं की तुझा बाप गेला. आणि तसं नाही, हेही मला सांगता येईना, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

माझे यजमान फोनशी बसले. चाळीस वेळा तरी नंबर फिरवला असेल. मटणावर चरबी गोठली. अन्नाचा कण वाया घालवला तर घर डोक्यावर घेणाऱ्या सासूबाई त्या ताटाकडे बघतही नव्हत्या. त्या दोन तासांत मी स्वतःला किती शिव्या घातल्या, ते इथे सांगण्यासारखं नाही.

अखेर फोन लागला. पलीकडचा खोकला आम्हाला खोलीभर ऐकू आला. मागोमाग आवाज: "सकाळपासून लावतोय मी. सणाच्या दिवशी बापाची आठवण नाही होय?"

तुलेगेन भिंतीला कपाळ टेकून रडला. मग त्याने सगळी हकीकत सांगितली, तेव्हा म्हातारा हसला आणि मला फोनवर बोलावून म्हणाला, "मुली, माझी मुंडी अजून धडावर आहे. ती ताटातली तुझ्या सासूला दे." पुढे आणखीही काही म्हणाला. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सासूबाईंनी ताट ओढलं. "माझा बाप कधीच गेलाय. आणा इकडे. पार गार करून टाकलीत."

तेव्हापासून दर नवरोजला मी ताट त्याच्याजवळ नेऊन विचारायची, "यंदा?" तो एका बोटाने ते बाजूला सारायचा. "अजून नाही, आपा." दर वर्षी ते ऐकून मला बरं वाटायचं.

या जानेवारीत त्याचे वडील गेले. चाळिसाव्या दिवसाचा विधी करून तो परत आला. नवरोजला मात्र माझ्या घरी आला नाही, आणि मलाही बोलवायचा धीर झाला नाही. आता आई एकटी आहे, म्हणून तो कायमचा गावी चाललाय.

तेव्हा म्हातारा पुढे काय म्हणाला, ते आज सांगते. "मी गेल्यावर तो मुंडी टाळेल. माझं पोर मला ठाऊक आहे. त्या वेळी ताट तूच ठेव. आणि त्याला सांग, बाप म्हणाला, आता तू काप आणि सगळ्यांना वाट."

आपण शांतपणे ऐकलंत, स्वयंपाकघरातल्या मंडळींनी सकाळपासून चूल सोडली नाही, सर्वांची मी ऋणी आहे. माझी सतरा वर्षांपूर्वीची चूक तुलेगेनने पोटात घातली, आज बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर ते तुम्हीही पोटात घाला. तुलेगेन, चल खाली. ताट वाढलंय, आणि या खेपेला ते कुणाच्या सांगण्यावरून तुझ्यापुढे ठेवलंय, हे तुला विचारावं लागणार नाही.