चहा आता गच्चीवर

कोथरूडच्या बँकेत शरच्चंद्रराव टोकन घेऊन तासभर बसले होते. मागच्या खुर्च्यांवर दोन मैत्रिणी बोलत होत्या.

“पद्मजा, निवृत्त झालेल्या पी.टी.च्या बाईंना ऑफिसात कोण बोलावतं गं?”

“सहा कंपन्या बोलावतात. बसून बसून अवघडलेल्यांना हलवायचं, हाच माझा धंदा.”

“आणि हलतात का ते?”

“पहिल्या कंपनीत आठवडाभर चौघंच आले. तेही साहेबाच्या धाकानं. काम सुटणार हे दिसतच होतं.”

“मग?”

“मग जागेवर चहा देणं बंद करायला लावलं. चहा हवा तर दोन जिने चढून गच्चीवर या. तिथे मी उभीच. चहा उकळेपर्यंत हात वर, मान वळवा.”

“शिव्या घातल्या असतील.”

“भरपूर. पण आता चाळीस जण येतात. वर्षभराचं काम पक्कं झालं.”

“आणि टेबलाटेबलावर चहा नेणारा तो माणूस?”

“मच्छिंद्र? ते आता दिवसभर गच्चीवर स्टुलावर बसून असतात. परवा म्हणाले, बाई, कंबर धरलीय.”

“घ्या.”

“त्यांना रोज सकाळी जिना चढवते-उतरवते. फुकट.”

शरच्चंद्ररावांच्या आधी अजून अकरा नंबर होते. ते उठून उभे राहिले.