दुसरा भाग फुकट

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी सासू-सून बसल्या होत्या. सासूच्या डोळ्यांत थेंब घातलेले. बोलावेपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, असं नर्स बजावून गेली होती. सून मोबाइल बघत होती.

"आई, आपल्या बागेच्या गेमचा दुसरा भाग आलाय. चक्क फुकट!"

"फुकट? पहिल्याला तर पैसे मोजले होतेस."

"म्हणून तर माझ्या एकटीच्याच मोबाइलवर घेतला. जेवणं झाली की बसतो दोघी त्यात डोकं घालून."

"मग आताच त्यांना आपला एवढा पुळका का?"

"मध्येमध्ये जाहिराती दाखवणार म्हणे."

"बघ! वाटलंच मला, पाणी कुठंतरी मुरतंय."

"लोकही चिडलेत. पहिला भाग घेणाऱ्यांना मूर्ख ठरवलं म्हणतात."

"बरोबरच आहे त्यांचं. फुकट देणारा आधी आपलं काय न्यायचं ते ठरवून येतो."

"न्यायला आहे काय आपल्याकडे? मी तर म्हणते, तुमच्याही मोबाइलवर घेऊन देते."

"माझ्या कशाला?"

"म्हणजे तुम्ही तुमच्या खोलीत खेळा, मी माझ्या. रोज माझी वाट बघत बसायला नको."

सासूने डोळे उघडले.

"ही शक्कल कंपनीची, की तुझी?"